बॉन्डची मुदत संपण्याआधी नोकरी सोडताना: न्यायालयांचे निकाल काय सांगतात आणि तुम्ही काय करायचं

पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरबरोबर पुष्कळदा आणखी एक कागद येतो. ‘दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडल्यास दोन लाख रुपये भरीन’ असा त्याचा मजकूर असतो. हाच बॉन्ड. खाली तुमची सही, शेजारी वडिलांची किंवा काकांची जामीन म्हणून सही. त्या दिवशी तो कागद कुणी फारसा वाचत नाही. तो आठवतो दुसरी चांगली संधी येते तेव्हा.

मी बॉन्डची मुदत संपण्याआधी नोकरी सोडली आहे. कंपनीची नोटीस आली, तिला उत्तर दिलं आणि शेवटी तडजोडीने विषय मिटवला. त्या काळात सगळ्यात जास्त त्रास उलटसुलट सल्ल्यांचा झाला. निम्मे लोक म्हणत, ‘बॉन्डला काही किंमत नसते, फाडून टाक.’ उरलेले म्हणत, ‘पोलीस घरी येतील.’ दोन्ही चूक आहे. न्यायालयांनी या विषयावर बरंच स्पष्ट बोलून ठेवलं आहे. ते नीट समजलं की भीती कमी होते आणि हिशेब सुरू करता येतो. पुढची पावलं प्रामुख्याने खाजगी कंपनीत किंवा बँकेत करारावर सही केलेल्या नोकरदारासाठी आहेत. उचल घेऊन काम करणाऱ्या मजुरांसाठी शेवटी वेगळा भाग आहे, कारण त्यांचा कायदा वेगळा आहे.

१. आधी हे पक्कं समजून घ्या: जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही

मुदतीआधी नोकरी सोडणं म्हणजे करारभंग. हा दिवाणी विषय आहे, गुन्हा नाही. ‘एफआयआर करू’ ही धमकी फोनवर ऐकू आली तर घाबरू नका. त्यांना जे म्हणायचं आहे ते ई-मेलवर लिहून पाठवायला सांगा.

माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं हे जुनं तत्त्व आहे. ‘उद्यापासून परत कामावर ये’ असा हुकूम कंपनीला मिळत नाही. तिला मागता येते ती नुकसानभरपाई, आणि मोजक्या परिस्थितीत मनाई हुकूम. त्याबद्दल पुढे येईलच.

दोन गोष्टी मात्र दिवाणी विषयाला फौजदारी वळण देऊ शकतात. पहिली, कंपनीचा डेटा, कोड किंवा ग्राहकांची यादी सोबत नेणं. दुसरी, सही करून दिलेला चेक. काही कंपन्या बॉन्डबरोबर कोरा चेक मागतात. तो देऊ नका. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाचं (चेक, वचनचिठ्ठी यांच्याबद्दलचा कायदा) कलम १३८ लागतं. बाकीचा मजकूर नंतर दुसऱ्या कुणी भरला असला, तरी सही तुमची असेल तर देणं होतंच असं न्यायालय गृहीत धरतं. ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. चेक आधीच दिला असेल आणि तो न वटल्याची नोटीस आली, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची मुदत असते. त्या १५ दिवसांत वकिलाकडे जायलाच हवं.

२. अटी वेगळ्या करा: नोकरी चालू असतानाच्या आणि नोकरी सुटल्यानंतरच्या

बॉन्ड आणि ऑफर लेटर समोर घ्या आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. ‘अमुक वर्षं राहीन’, ‘या काळात दुसरीकडे काम करणार नाही’ या अटी एका रंगाने. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ ही अट दुसऱ्या रंगाने. न्यायालय या दोन गटांकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. ही ढाल आहे, पण मुख्यतः नोकरी संपल्यानंतरच्या काळासाठी. सुपरिंटेंडन्स कंपनी ऑफ इंडियाच्या १९८० च्या निकालात नोकरी सोडल्यावर दोन वर्षं तसंच काम न करण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती लागू करायला नकार दिला. क्रिकेटपटू झहीर खान आणि परसेप्ट डीमार्क यांच्यातल्या वादातही २००६ मध्ये हेच झालं. करार संपल्यानंतरचं बंधन टिकलं नाही.

करार चालू असतानाचं बंधन मात्र टिकू शकतं. यातला जुना आणि आजही वापरला जाणारा निकाल आपल्या कल्याणच्या कारखान्यातला आहे. सेंच्युरी स्पिनिंगच्या टायरकॉर्ड (टायरमध्ये वापरायचा धागा) कारखान्यात एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता. परदेशी कंपनीकडून आलेल्या गोपनीय तंत्राचं प्रशिक्षण त्याला मिळालं. मुदत संपण्याच्या बरंच आधी तो जास्त पगारावर कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेला. उरलेल्या मुदतीपुरतं तसं काम दुसरीकडे करायला त्याला मनाई झाली आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ठरावीक वर्षांचा करार, गोपनीय तंत्राचं प्रशिक्षण आणि थेट स्पर्धक कंपनी हे तिन्ही तुमच्या बाबतीत असतील, तर राजीनाम्याआधी वकिलाला भेटा. साध्या बॉन्डच्या प्रकरणात ही वेळ सहसा येत नाही.

गोपनीयतेची अट दोन्ही काळांत पाळायचीच. स्पर्धक कंपनीत जायचा हक्क तुम्हाला आहे. जुन्या कंपनीची एक्सेल शीट घेऊन जायचा नाही.

३. विजया बँकेचा २०२५ चा निकाल पूर्ण समजून घ्या

१४ मे २०२५ च्या या निकालानंतर कंपन्यांच्या नोटिसांमध्ये एक नवं वाक्य दिसू लागलं: ‘सर्वोच्च न्यायालयाने बॉन्ड वैध ठरवले आहेत.’ वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे.

प्रकरण असं होतं. विजया बँकेने वरिष्ठ व्यवस्थापक पदासाठी जाहिरात दिली. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे, अशी अट जाहिरातीत आणि नेमणुकीच्या पत्रात होती. अधिकारी २००७ मध्ये रुजू झाला, २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, विरोध नोंदवून दोन लाख भरले आणि ते परत मिळावेत म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. तिथे तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. ही अट नोकरी चालू असतानाच्या काळाची आहे आणि पुढे दुसरीकडे काम करायला ती अडवत नाही, म्हणून कलम २७ आड येत नाही. सार्वजनिक (म्हणजे सरकारी) बँकेला भरतीसाठी जाहिरात आणि खुली स्पर्धा अशी खर्चिक, वेळखाऊ प्रक्रिया करावी लागते. कुणालाही थेट बोलावून नेमता येत नाही. मधेच माणूस गेला तर ते सगळं पुन्हा करावं लागतं. आणि त्या पदाचा पगार पाहता दोन लाख ही रक्कम राजीनामा देणंच अशक्य करून टाकणारी नाही.

आता उरलेलं अर्धं. त्याच निकालात न्यायालयाने आणखी काही लिहिलं आहे आणि ते तुमच्या कामाचं आहे. छापील नमुन्यातले नोकरीचे करार हे दोन्ही बाजूंची ताकद असमान असल्याचा सकृद्दर्शनी पुरावा आहेत. दुबळ्या बाजूने दबावाचा किंवा सार्वजनिक धोरणाचा (म्हणजे अट समाजहिताविरुद्ध असल्याचा) मुद्दा काढला, तर न्यायालयाने ही असमानता लक्षात ठेवूनच तो तपासायचा. आणि अशी अट रोजगारावर अन्याय्य बंधन आणणारी नाही किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे, कर्मचाऱ्याची नाही.

कंपनीची नोटीस या निकालावर उभी असेल तर स्वतःला चार प्रश्न विचारा. तुमचा मालक सार्वजनिक बँकेसारखी खुली, खर्चिक भरती करतो का? अट तुम्हाला जाहिरातीतच कळली होती की रुजू व्हायच्या दिवशी समोर ठेवली? तुमच्या पगाराच्या मानाने रक्कम केवढी आहे? तुमच्या माघारी कंपनीला खरा खर्च काय आला? महिना पंधरा हजारांवर लागलेल्या मुलाकडून तीन लाख मागणारी खाजगी कंपनी आणि विजया बँक यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर उत्तरात मांडायचं असतं.

४. रक्कम मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पावलाला द्या.

करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. करार मोडणाऱ्याकडून तिच्या आत राहून ‘वाजवी भरपाई’ मिळते. फत्तेचंद प्रकरणात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालाने त्यात भर घातली. नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते सिद्ध करायला हवं. मुळात ते मोजणंच अवघड असेल, तर करारात लिहिलेली रक्कम खरा अंदाज म्हणून धरता येते.

नोकरीच्या बॉन्डला हे कसं लागू होतं, याचं चांगलं उदाहरण दिल्ली उच्च न्यायालयाच्या सिक्पा इंडिया प्रकरणात २०११ मध्ये मिळतं. बॉन्ड तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा होता. प्रशिक्षणावर प्रत्यक्षात झालेला खर्च सुमारे ६७ हजार होता. कर्मचाऱ्याने दोन वर्षं काम केलं होतं. कंपनीला मिळाले सुमारे साडेबावीस हजार, म्हणजे खर्चाचा उरलेला एक तृतीयांश.

आता हाच हिशेब आपला आपण करा. समजा बॉन्ड दोन वर्षांचा आहे आणि तुम्ही अठरा महिने काम केलं. बॉन्डमध्ये दीड लाख लिहिले आहेत, पण बाहेरच्या संस्थेत झालेल्या प्रशिक्षणाची फी चाळीस हजार होती. मग तुमच्या बाजूचा प्रामाणिक आकडा चाळीस हजारांचा चौथा भाग, म्हणजे दहा हजार. न्यायालय हाच आकडा देईल अशी खात्री नाही. विजया बँकेच्या निकालानंतर भरतीचा खर्चही मोजला जाऊ शकतो. पण बोलणी करताना तुमच्याकडे कारणासहित एक आकडा असतो आणि त्याचा फरक पडतो.

प्रशिक्षण म्हणजे काय, हेही नीट बघा. पहिले काही आठवडे सीनियरच्या शेजारी बसून कंपनीचंच काम शिकणं आणि कंपनीने पैसे भरून परदेशात किंवा बाहेरच्या संस्थेत पाठवणं यांत फरक आहे. ज्या दिवसांत तुम्ही ग्राहकाचं काम करत होतात ते ‘प्रशिक्षण’ म्हणून लावलं असेल, तर त्या दिवसांचे कामाचे ई-मेल जपून ठेवा.

बॉन्डच्या किंवा नोटीस पगाराच्या (नोटिशीचे दिवस न भरल्याबद्दल मागितलेल्या) रकमेवर कुणी १८ टक्के जीएसटी लावून मागितला तर देऊ नका. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलं आहे.

५. राजीनाम्याआधी कागद गोळा करा

राजीनामा गेला की ऑफिसचा ई-मेल कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून आधी हे हाताशी घ्या:

– नोकरीची मूळ जाहिरात किंवा कॅम्पस भरतीची सूचना
– ऑफर लेटर, नेमणुकीचं पत्र, बॉन्ड आणि जामीनपत्र यांच्या प्रती
– एचआर नियमावलीतला राजीनाम्याचा भाग
– सगळ्या सॅलरी स्लिपा, बँकेचं पासबुक, फॉर्म १६
– प्रशिक्षणाची तारीख, ठिकाण, प्रमाणपत्र आणि त्या काळातल्या कामाचे पुरावे
– मूळ प्रमाणपत्रं जमा केली असतील तर त्याची पोच
– दिलेल्या चेकचे नंबर
– पीएफचा यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) आणि पासबुक

तुमच्या स्वतःच्या नोकरीचे कागद घ्या, कंपनीच्या कामाचे नको. ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार वैयक्तिक मेलवर पाठवलात तर कंपनीला आयतं हत्यार मिळतं.

बॉन्डची प्रत दिलीच नसेल तर एचआरकडे मेलवर मागा. नाही दिली तरी मागितल्याची नोंद राहते. मूळ मार्कशीट किंवा पदवी कंपनीकडे असेल तर राजीनाम्याच्या आधी, काही कारणाने लागते म्हणून, परत मिळवायचा प्रयत्न करा. नव्याने रुजू होणाऱ्यांनी मूळ कागद देऊच नयेत. डिजिलॉकरमधली प्रत दाखवा, कायद्याने ती मूळ कागदाच्या तोडीची आहे.

इथेच एक गैरसमज दूर करतो. ‘बॉन्ड साध्या कागदावर आहे, स्टॅम्प पेपरवर नाही, म्हणून तो चालत नाही’ हे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. मुद्रांक शुल्क कमी भरलं असेल तर ते दंडासह नंतर भरता येतं आणि कागद पुराव्यात येतो. या मुद्द्यावर विसंबून राहू नका.

आणि जामीनदार. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याएवढीच असते. नोटीस वडिलांच्या नावानेही येऊ शकते. त्यांना आधीच सांगून ठेवा. पोस्टमन आल्यावर त्यांना कळणं फार वाईट.

६. राजीनामा आणि नोटीस पिरियड

राजीनामा लेखी द्या, ऑफिसच्या आणि स्वतःच्या अशा दोन्ही मेलवरून, आणि शेवटच्या दिवसाची तारीख लिहा. बॉन्डबद्दल एकच वाक्य पुरे: ‘बॉन्डनुसार कंपनीची काही मागणी असल्यास प्रत्यक्ष खर्चाच्या तपशिलासह लेखी कळवावी.’ बॉस कसा वाईट आहे याचं निबंधलेखन नको. तो मेल उद्या न्यायाधीशांच्या समोर असू शकतो.

नोटीस पिरियड आणि बॉन्ड हे दोन वेगळे हिशेब आहेत. काही कंपन्या दोन्ही रकमा एकावर एक लावतात. नोटीस पिरियड शक्यतो पूर्ण करा, काम कुणाकडे सोपवलं याची यादी मेलवर पाठवा, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच घ्या. एक दिवस अचानक यायचं बंद करणारा माणूस न्यायालयात कमकुवत दिसतो.

मन बदललं तर? राजीनामा स्वीकारल्याचं कळवलं जाण्याआधी तो मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच सांगितलं. राजीनामा मंजूर झाल्याची फक्त ऑफिसातली टिपणी होती, त्याला ती कळवल्याचा पुरावा नव्हता. त्याला परत घेण्याचा आदेश झाला.

७. अडकवलेला पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटी

बॉन्डच्या नावाखाली फुल अँड फायनल (नोकरी सुटतानाचा शेवटचा हिशेब) रोखून धरणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी गोष्ट आहे. इथे कायदा तुमच्या बाजूला बराच भक्कम आहे.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यातल्या वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. वेतनातून कशाकशासाठी कपात करता येते याची यादी कलम १८ मध्ये आहे आणि एका वेतनकाळात एकूण कपात निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. ‘बॉन्डची रक्कम’ अशी नोंद त्या यादीत नाही. मागणीचा मेल करताना ही दोन्ही कलमं लिहा. वेतनाचा दावा दाखल करायला तीन वर्षांची मुदत आहे.

पीएफवर कंपनीचा हात पोहोचत नाही. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हीच पोर्टलवर भरू शकता. ग्रॅच्युइटी लागू होत असेल तर ती बॉन्डपोटी वळती करता येत नाही.

रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवलं तर नव्या कंपनीला राजीनाम्याचा मेल, शेवटच्या दिवसाची पोच, सॅलरी स्लिपा आणि पीएफचं पासबुक दाखवा. आधीच खरं सांगून ठेवलं तर बऱ्याच कंपन्या समजून घेतात.

८. वकिलाची नोटीस आली

नोटीस म्हणजे खटला नव्हे. पण गप्प बसू नका. नोटिशीतल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या आणि ते स्पीड पोस्टने व मेलने पाठवा. उत्तरात चार गोष्टी याव्यात: तुम्ही किती काळ सेवा दिली, प्रशिक्षणाचा तपशील काय होता, कलम ७४ नुसार प्रत्यक्ष खर्चाचे पुरावे द्यावेत ही मागणी, आणि तुमचा थकलेला पगार. ‘मी करार मोडला हे मान्य आहे, माफ करा’ अशा अर्थाचं काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. एचआरमधल्या मित्राला तर नकोच.

करारभंगाचा दावा लावायला कंपनीलाही मुदत कायद्याने तीन वर्षंच मिळतात. दावा लागलाच तर समन्स येतं. समन्स नाकारून काही साधत नाही. न्यायालय बजावणी झाली असं धरून पुढे जातं आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. म्हणजे जी रक्कम चौथ्या पावलात सांगितलेल्या हिशेबाने खाली आली असती, ती पूर्णच्या पूर्ण तुमच्या डोक्यावर बसू शकते. समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत द्यायला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवल्यास न्यायालय ९० दिवसांपर्यंत देऊ शकतं.

दावा कुठे चालेल, हे करारात बघा. ‘फक्त मुंबईच्या न्यायालयांना अधिकार’ अशी अट एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये मान्य केली. तिथे कर्मचारी पाटणा आणि दिल्लीला होते. अट टिकायला त्या शहरातल्या न्यायालयाला मुळात अधिकार असायला हवा आणि कायदेशीर दाद मागण्याचा रस्ताच बंद होता कामा नये. बीडच्या माणसाला बंगळुरूला तारखांना जावं लागलं तर खर्च केवढा, हे तडजोडीचा आकडा ठरवताना धरा.

करारात लवादाचं (न्यायालयाऐवजी नेमलेल्या मध्यस्थाने निकाल देण्याचं) कलम असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमणं चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं आहे. कंपनीने स्वतःच्या मर्जीने लवाद नेमल्याचं पत्र आलं तर लगेच लेखी हरकत घ्या.

तडजोड करायची असेल तर मनात कमीपणा बाळगू नका. वाजवी आकडा देऊन मोकळं होणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. पैसे फक्त बँकेतून द्या. त्याआधी लेखी घ्या की या रकमेनंतर बॉन्डखाली दोन्ही बाजूंचं काही देणं-घेणं उरत नाही, चेक आणि मूळ कागद परत मिळतील, जामीनदार मोकळा झाला आहे आणि रिलीव्हिंग लेटर अमुक तारखेला मिळेल. नव्या कंपनीच्या दबावाखाली घाईने पूर्ण रक्कम भरावीच लागली तर ‘विरोध नोंदवून भरत आहे’ असं मेलमध्ये लिहा, म्हणजे पुढे भांडायची वाट राहते.

९. करार कंपनीने मोडला असेल तर

दोन वर्षांचा बॉन्ड घेतलेली कंपनीच सहा महिन्यांत काढून टाकते, हेही घडतं. बॉन्ड एकतर्फी आहे का, हे इथे दिसतं. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या १९८६ च्या निकालात कायम कर्मचाऱ्याला कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ज्याच्यासमोर सही करण्यावाचून पर्याय नाही त्याच्यावर लादलेली अन्याय्य अट टिकणार नाही, असं न्यायालय म्हणालं. ती सरकारी कंपनी होती हे विसरू नका. खाजगी नोकरीत व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला बहुधा नोटीस पिरियडच्या पगाराएवढीच भरपाई मिळते.

‘कामगार’ या कायदेशीर व्याख्येत बसणाऱ्याची स्थिती चांगली आहे. तो पुन्हा कामावर घेण्याची मागणी करू शकतो. तुमच्या पदाचं नाव ‘एक्झिक्युटिव्ह’ असलं म्हणून तुम्ही व्याख्येबाहेर जात नाही. रोज प्रत्यक्ष काय काम करता हे पाहिलं जातं. आधी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, आणि लवकर जा. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलेल्याला परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठी मधल्या काळात आपल्याला दुसरी तशी नोकरी नव्हती, हे अर्जात लिहावं लागतं. ते एक वाक्य राहून गेलं की फार मोठं नुकसान होतं.

१०. उचल घेतलेल्या मजुरांसाठी

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामाला उचल घेऊन गेलेल्या माणसाला मुकादम ‘करार मोडलास, पैसे फेडल्याशिवाय जाता येणार नाही’ असं म्हणत असेल, तर वरचा कलम ७४ चा हिशेब त्याच्यासाठी नाही. उचलीपोटी माणसाला डांबून ठेवणं, कमी मजुरीत राबवून घेणं किंवा दुसरीकडे कामाला जाऊ न देणं ही वेठबिगारी आहे. राज्यघटनेचं कलम २३ तिला मनाई करतं आणि वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ प्रमाणे असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. इथे गुन्हा असतो तो राबवून घेणाऱ्याचा. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेलं काम हेसुद्धा सक्तीचं काम आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या १९८४ च्या निकालाने पुढचं पाऊल टाकलं. मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जातंय असं दिसलं, तर ते उचलीपोटीच आहे असं न्यायालय गृहीत धरेल आणि तसं नाही हे मालकाने दाखवायचं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायची. मजुराला स्वतः जाता येत नसेल तर नातेवाइकाने किंवा संघटनेने लेखी द्यावी.

११. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर

प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं. जाताना पाचव्या पावलातले कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या. वरती एका पानावर फक्त चार तारखा लिहा: सही केल्याची, रुजू झाल्याची, राजीनाम्याची आणि नोटीस मिळाल्याची. वकिलाचा पहिला प्रश्न याच तारखांचा असतो.